कच्ची वही, पक्की वही

आमच्या लहानपणी घरात वह्यांचे दोन प्रकार असत. कच्ची आणि पक्की. दुधाचा रोजचा हिशेब कच्च्या वहीत, महिनाअखेरची बेरीज पक्क्या वहीत. शाळेतली गणिते कच्च्या वहीत, बाईंना दाखवावयाची पक्क्या वहीत. अण्णांच्या पक्ष्यांनाही हाच नियम लागू होता. हिंडताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक चिमुकली वही आणि शिसपेन्सिलीचा तुकडा असे. रविवारी दुपारची जेवणे आटोपली की ती वही ते माझ्यापुढे ठेवीत आणि मी टाक-दौत घेऊन तिच्यातील नोंदी मोठ्या, काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून काढीत असे. माझे अक्षर त्यांच्याहून चांगले होते. तसे ते चारचौघांत बोलून दाखवीत आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

१९६२ ते १९६८ अशी सहा वर्षे आम्ही जबलपूरला, गढ्यात राहिलो. अण्णा टपाल व तार खात्यात होते आणि नागपुराहून त्यांची बदली तेथे झाली होती. जबलपूर आम्हांला परके वाटले नाही. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती व बदलीच्या निमित्ताने येऊन राहिलेली मराठी कुटुंबे तेथे बरीच होती. गढा हे त्या शहराचे जुने अंग. गोंड राजांची ही राजधानी. मदनमहालाची टेकडी, राजा संग्रामशाहाने बांधविलेला संग्रामसागर तलाव आणि त्याच्याजवळचे बाजनामठाचे भैरवमंदिर ही आमची रविवारची फिरावयाची ठिकाणे. १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना जिने देह ठेवला ती राणी दुर्गावती या संग्रामशाहाची सून, हे आम्हांला शाळेत शिकवीत. अण्णा मात्र त्या तलावाकडे इतिहासासाठी जात नसत. हिवाळ्यात त्या पाण्यावर अडई बदके उतरत, कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत आणि काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा ठिपका असलेले चांदवे थव्याने पोहत. या चांदव्यांना मराठीत वारकरी असेही म्हणतात. आईला पक्ष्यांत विशेष गोडी नव्हती, परंतु हे नाव ऐकल्यापासून ती चांदवे दिसले की हसून हात जोडीत असे.

अण्णांजवळ सलीम अलींचे पुस्तक होते. १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाने आपल्या देशातील किती माणसांना आकाशाकडे पाहावयास लावले त्याची गणती नाही. तथापि अण्णांचा पहिला धडा पुस्तकातला नव्हता. तो तारांवरचा होता. नागपुराहून आम्ही गोंदियास येत असू व तेथून छोट्या गाडीने जबलपूर. ती गाडी इतक्या संथपणे जाई की रुळांशेजारच्या तारायंत्राच्या तारांवर बसलेला प्रत्येक पक्षी निवांत पाहता येई. तारखात्यातला माणूस तारांकडे पाहणारच! निळ्या पंखांचा नीलकंठ, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल, एका रांगेत बसलेले वेडे राघू, एकटाच टपून बसलेला खाटीक. मी नाव घेण्याची घाई करी. अण्णा म्हणत, "नाव मागाहून. आधी काय दिसले ते सांग." चोच कशी, शेपूट कशी, बसला कसा, उडाला कसा. तोवर खांब मागे पडलेला असे आणि मी रुसलेली असे.

ही काळी वही अण्णांच्या पश्चात आमच्या कुटुंबात एखाद्या ठेव्यासारखी सांभाळली गेली. अण्णा १९९४ साली गेले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने ती यादी छापून नातलगांना वाटावी असे माझ्या धाकट्या भावाच्या मनात आले. त्याच सुमारास जुन्या पक्षिनोंदी जमविणाऱ्या एका तरुण गृहस्थांशी माझी ओळख झाली. साठ वर्षांपूर्वीची, तारीख-वार लिहिलेली यादी आहे हे ऐकताच ते हरखले. मी वहीची काही पाने त्यांना धाडली. चार दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. एका नोंदीविषयी ते फार उत्सुकतेने बोलत होते. ६ फेब्रुवारी १९६६, मदनमहाल टेकडीमागे: "गिधाडे – शेकडो."

त्या उत्सुकतेचे कारण वाचकांच्या ध्यानात येईलच. त्या काळी गिधाडे कावळ्यांइतकीच नित्याची होती. पुढे १९९०च्या दशकात ती एकाएकी दिसेनाशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशात शेकडा नव्याण्णवांहूनही अधिक घटली. कारण सापडले ते २००४ साली. गुरांना दुखण्यावर देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध. ते टोचलेले जनावर थोड्याच काळात मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. परंतु वर्षाकाठी एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याची भरपाई लवकर होत नसते. पूर्वी ती किती होती, हे नेमके सांगणारे कागद फार थोडे आहेत. कारण जे रोज दिसते ते कोण लिहून ठेवतो?

गेल्या जानेवारीत मी गढ्याला जावयाचे ठरविले. अकरा वर्षांचा नातू बरोबर होता. वाटेत नागपूरला भावाकडे एक दिवस राहिलो, तेव्हा त्याने जुन्या ट्रंकेतून सापडलेली एक वस्तू माझ्या हातावर ठेवली. अण्णांची कच्ची वही. बाकीच्या कधीच गेल्या होत्या. ही एकच उरली होती. २ जानेवारी ते २७ मार्च १९६६, तेरा रविवार. कडा झिजलेल्या, शिसपेन्सिलीचे अक्षर पुसट झालेले.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर मी ती उघडली. छोट्या गाडीचा तो मार्ग आता रुंद झाला आहे, गाडी वेगाने जाते आणि तारायंत्राच्या तारा गेल्या आहेत. आपल्या देशातील तारसेवाच २०१३ साली बंद झाली. पक्षी आता विजेच्या तारांवर बसतात. नातू खिडकीशी होता व मी एका मांडीवर कच्ची आणि दुसऱ्या मांडीवर पक्की अशा दोन्ही वह्या ठेवून ताडून पाहत होते. सिवनीच्या बाजूचे साग मागे पडत होते. पहिल्याच पानावर मी थबकले.

कच्च्या वहीत लिहिले होते: "बहुधा शिक्रा. उजेड पाठीमागून. नीट दिसला नाही." पक्क्या वहीत माझ्या वळणदार अक्षरात: "शिक्रा – १."

मी पुढची पाने पाहिली. त्या तेरा रविवारांत अण्णांनी "बहुधा" हा शब्द एकोणीस वेळा लिहिला होता. पक्क्या वहीत तो एकदाही नव्हता. मग हळूहळू सारे आठवू लागले. मी पानावर पट्टीने चार रकाने आखीत असे. दिनांक, ठिकाण, नाव, संख्या. "बहुधा" हा शब्द नावाच्या रकान्यात मावत नसे. मावला तरी तो मला एखाद्या डागासारखा वाटे. आपल्या वडिलांना एखादी गोष्ट ठाऊक नाही हे पक्क्या वहीत लिहून ठेवणे मला तेव्हा कमीपणाचे वाटत असावे. मी त्यांना मोठे करीत होते.

गिधाडांच्या पानापर्यंत जाण्याचे मी जरा लांबणीवर टाकले, हे कबूल करते. तेथे होते: "टेकडीमागे मेलेले ढोर. गिधाडे. नेहमीचीच. मोजली नाहीत."

तो दुपारचा प्रसंगही मला आठवला. संख्येचा रकाना रिकामा राहत होता. पडलेल्या दातासारखा तो दिसत होता. अण्णा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. त्यांना उठविण्यापेक्षा मीच टाक दौतीत बुडविला आणि लिहिले: "शेकडो." तेथे खरोखर किती होती? वीस असतील, दोनशेही असतील. मी त्या दिवशी बरोबर गेलेसुद्धा नव्हते, मला पडसे झाले होते. संध्याकाळी अण्णांनी पान पाहिले आणि नेहमीप्रमाणे "छान" म्हणाले. त्यांनी तो शब्द वाचला होता की केवळ अक्षर पाहिले होते, हे आता कोणास विचारावे?

जबलपूरला उतरल्यावर रात्री मी भावाला हे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ताई, तू तेव्हा मूल होतीस. हे आता सांगावयाची गरज काय? आणि गिधाडे होतीच की शेकडो, साऱ्या गावाला ठाऊक आहे." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. परंतु साऱ्या गावाला जे ठाऊक असते ते, आणि एका माणसाने एका दिवशी उभे राहून पाहिले ते, या दोन वस्तू निराळ्या आहेत. काळ्या वहीत मी पहिलीला दुसरीचे कपडे घातले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही संग्रामसागरावर गेलो. मेडिकल कॉलेजच्या बाजूने जावे तो घरेच घरे लागतात. जबलपुरात एके काळी बावन्न तलाव होते असे म्हणतात. त्यांतील कित्येकांवर आता वस्ती उभी आहे. हा तलाव मात्र जागेवर होता. धुके पाण्यावर बसले होते. काठाला जलपर्णी माजली होती आणि तिच्यावरून एक ताम्रपंखी कमळपक्षी लांब बोटे टाकीत, जणू नुकत्याच सारवलेल्या जमिनीवरून चालावे तसा, जपून चालला होता. टिबुकल्या बुड्या मारीत होत्या. चांदवे होते. मी नकळत हात जोडले आणि नातवाला त्याचे कारण सांगावे लागले.

बाजनामठाशेजारी एका आंब्याखाली उभे असता वरून एक बारीक, कोरडा आवाज आला: टर्रर्र. मी एकदम म्हणाले, "हा तांबड्या छातीचा माशीमार!" कारण १६ जानेवारी १९६६ ची अण्णांची नोंद मी आदल्याच दिवशी वाचली होती आणि ती याच जागेची होती: "बाजनामठ. चिमणीहून लहान. वरून मातकट, पोट मळकट पांढरे. शेपूट सारखी वर उडवतो; शेपटीच्या मुळाशी दोन्ही अंगांस पांढरे. कंठ तांबडा नाही. आवाज घड्याळाला किल्ली दिल्यासारखा. बहुधा तांबड्या छातीच्या माशीमाराची मादी."

नातवाच्या मोबाइलमध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने तयार केलेली सोय आहे. आवाज ऐकवला की ती पक्ष्याचे नाव सुचविते. तिने निराळेच नाव दाखविले: तैगा माशीमार. आजीची चूक निघाली म्हणून स्वारी खूश झाली.

येथे थोडे विवेचन करणे भाग आहे. अण्णांच्या पुस्तकात हे दोन्ही पक्षी एकच जात समजले जात. या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी ते वेगळे मानले. तांबड्या छातीचा माशीमार युरोपात व त्याला लागून असलेल्या प्रदेशात वीण करतो. तैगा माशीमार उरल पर्वतापलीकडच्या सैबेरियाच्या अरण्यांत. हिवाळ्यात दोघेही आपल्याकडे उतरतात. कर्कवृत्त जबलपूरच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरांवरून जाते. म्हणजे आपण उष्ण कटिबंधाच्या अगदी उंबरठ्यावर, आणि या उंबरठ्यावरच्या एकाच आंब्यावर खंडाच्या दोन टोकांकडून आलेले दोन चिमुकले पाहुणे बसलेले असू शकतात. एकाची चोच खाली मुळाशी फिकट, दुसऱ्याची सगळी काळी. एकाच्या शेपटीवरची पिसे शेपटीइतकीच गडद किंवा फिकी, दुसऱ्याची शेपटीहूनही काळीभोर. तांबड्या छातीच्या प्रौढ नराचा तांबडा रंग हिवाळ्यातही टिकतो. तैगाचा नर तो हिवाळ्यात टाकून देतो. माद्या ओळखणे मात्र कठीण. आवाजात फरक आहे, एकाची टरटर संथ आणि दुसऱ्याची द्रुत. परंतु घड्याळाला किल्ली कोणी संथ देतो, कोणी घाईने.

तेव्हा अण्णांनी पाहिलेला पक्षी या दोहोंपैकी कोणता? त्यांच्या वर्णनात चोचीचा उल्लेख नाही. आता ते कळावयाचे नाही. पण गंमत अशी, की जी नावे तेव्हा नव्हती त्यांच्याविषयीसुद्धा कच्ची वही खोटे बोलत नाही. तिच्यात जे दिसले तेवढेच आहे आणि शेवटी "बहुधा" आहे. माझ्या पक्क्या वहीतील "तांबड्या छातीचा माशीमार (मादी) – १" या ओळीचे आता काहीच करता येत नाही.

पक्षी एकदाचा खालच्या फांदीवर आला, शेपूट उडवली, क्षणभर पाठ केली आणि गेला. नातवाने वही उघडून विचारले, "आजी, शेपटीवरचे काळे पाहिलेस का?"

माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली आहे आणि मला बरे दिसते. पण ते काळे मी पाहिले नव्हते. चोच काळी वाटली होती. ती सावलीमुळेही वाटली असेल.

"नाही," मी म्हणाले. "बहुधा तैगा, असे लिही."

"बहुधाचा रकाना नाही," तो म्हणाला. मला हसू आवरेना. मग आम्ही पट्टी घेऊन पाचवा रकाना आखला.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आम्ही ग्वारीघाटावर नर्मदेत नावेत बसलो. हिवाळ्यात तेथे पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे येतात. लोक शेव फेकतात आणि पक्षी ती झेलण्यासाठी नावेभोवती कलकलाट करतात. शेव हे कुरवांचे अन्न नव्हे, हे सांगण्याच्या भरीस मी पडले नाही. शेजारच्या नावेतील लहान मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून धीर झाला नाही. नावाडी म्हणाला, "माँजी, ये सब साइबेरिया के हैं." त्यांतले काही असतीलही. आमच्या अगदी जवळून गेलेल्या दोघांचे डोळे फिकट होते आणि पंखांच्या काळ्या टोकांत मोठे पांढरे ठिपके होते. ही तपकिरी डोक्याच्या कुरवाची खूण, आणि तो येतो तिबेट, लडाख, मध्य आशियाकडच्या सरोवरांवरून. शिवाय हिवाळ्यात त्याचे डोके तपकिरी नसते, पांढरे असते, डोळ्यामागे एक गडद डाग तेवढा उरतो! नाव आणि रूप यांची अशी फारकत पाहून नातवाने सरळ सांगितले, की ज्याने हे नाव ठेवले तो उन्हाळ्यात सुटीवर गेला असावा. खरोखर सैबेरियाहून आलेला पाहुणा कदाचित बाजनामठाच्या आंब्यावरचा तो उंदरासारख्या रंगाचा जीव असेल. त्याला कोणी शेव घालीत नाही.

मदनमहालाची टेकडी शेवटच्या दिवसासाठी ठेवली होती. एका प्रचंड शिळेवर दुसरी शिळा केवळ टेकून राहिली आहे, ती पाहावयास पुष्कळ लोक येतात. आम्ही मात्र वर पाहत होतो. घारी होत्या. बऱ्याच वेळाने फार उंचावर एक मोठा पक्षी रुंद पंख पसरून गेला आणि माझ्या छातीत धडधडले. परंतु ऊन डोळ्यांवर होते आणि तो ढगाआड गेला. चहाच्या टपरीवरील म्हाताऱ्याला मी गिधाडांबद्दल विचारले. तो कपबशी विसळीत म्हणाला, "गिद्ध? पहले तो इतने थे कि कौन गिनता." अण्णांचेच वाक्य, साठ वर्षांनी, हिंदीत.

तेथूनच मी त्या तरुण गृहस्थांना दूरध्वनी केला आणि सगळे सांगितले. रकाना, झोपलेले अण्णा, माझे पडसे. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. आपली निराशा त्यांनी लपविली नाही आणि मला ते आवडले. मग त्यांनी विचारले, की कच्च्या वहीच्या पानांची छायाचित्रे मिळतील काय. मी म्हटले, तेरा रविवारांचीच मिळतील. उरलेल्या साऱ्या वर्षांच्या यादीत कोणते नाव अण्णांचे आणि कोणते माझे, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. भाऊ अजून थोडा नाराज आहे. शताब्दीची पुस्तिका निघेल, तीत दोन्ही वह्या समोरासमोर छापाव्यात असे मी सुचविले आहे. अण्णांचे उणेपण कशाला दाखवावे असे त्याला वाटते. आमचा वाद चालू आहे.

टेकडीवरून उतरताना नातू पायथ्याशी एका बाभळीपाशी अडून बसला. झाडावर आणि खालच्या उकिरड्यावर साळुंक्यांची शाळा भरली होती.

"आजी, साळुंक्याही लिहावयाच्या?"

"लिही."

"कावळे?"

"तेही."

तो बोटाने हवेत टिंबे देत मोजू लागला. तेवीसपर्यंत आला तो एक कुत्रे उकिरड्यावर चढले, सगळा थवा उठला आणि अर्धा पलीकडच्या भिंतीवर, अर्धा पुन्हा बाभळीवर बसला. आमच्या गाडीची वेळ होत आली होती; रिक्षावाला दोनदा भोंगा वाजवून गेला. नातवाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्याने तेवीसचा आकडा खोडला आणि पहिल्यापासून मोजावयास सुरुवात केली. मी पायरीवर बसले.